जुनी वाकळ: वापरायची की जपायची?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत सर्वांत जास्त प्रश्न वाकळींचे आहेत. कुणी गोधडी लिहितं, कुणी वाकळ, कन्नड शेजाऱ्यांकडून आलेलं कौदी हे नावही दोन-तीन पत्रांत आहे. खानापूरच्या पावसाळी पट्ट्यातल्या आणि अथणीच्या कोरड्या पट्ट्यातल्या अडचणी सारख्या नसतात, म्हणून उत्तरं देताना गाव लक्षात घेतलं आहे. तुमची वाकळ हातात घेण्याआधी एक ठरवा: ती अंगावर घ्यायची आहे की जपून ठेवायची आहे? वापरायच्या वाकळीला मजबुती हवी, तिथे नवं कापड आणि जाड दोरा चालतो. जपायच्या वाकळीला कमीत कमी हात लावायचा आणि घातलेला प्रत्येक टाका उद्या उसवता आला पाहिजे.

प्रश्न : आजीच्या हातची वाकळ आहे. वरचं लुगडं इरकल आहे. त्यातल्या काळ्या-तपकिरी पट्ट्या हात लावला तरी भुगा होऊन पडतात, पण त्याच लुगड्याचा लाल काठ मात्र शाबूत आहे. असं का? वरून नवं कापड लावून घ्यावं का? (खानापूर)

उत्तर : कापड वापरून झिजलं असतं तर सगळीकडे सारखं झिजलं असतं. फक्त काळ्या पट्ट्याच कुजत आहेत म्हणजे दोष रंगाचा आहे. पूर्वी काळा आणि गडद तपकिरी रंग बहुतेकदा हरड्याचं पाणी आणि लोखंड यांच्यापासून करत. कापडात राहिलेलं लोखंड हवा आणि ओल यांच्या संगतीनं सुताचा धागा आतून खात राहतं. नंतरच्या काळातल्या गिरणीच्या गंधकी काळ्या रंगातही हा दोष आहे, साठवणीत त्यातून हळूहळू आम्ल तयार होतं. कुजलेला धागा परत धट्टाकट्टा करता येत नाही. त्याला आधार देता येतो आणि पुढची झीज मंदावता येते. त्यासाठी ओल आणि ऊन दोन्ही टाळा, आणि ही वाकळ धुऊ नका.

नवं कापड लावण्याविषयी. आपल्याकडे विरलेल्या वाकळीवर नवं लुगडं चढवायची रीत जुनीच आहे, कित्येक वाकळींच्या पोटात आधीची वाकळ सापडते. वाकळ अंगावर घेणार असाल तर हाच उपाय उत्तम: जुनं काही न काढता वर-खाली मऊ सुती लुगडं पसरा, कडेनं कच्चा टाका घाला, आणि मधून कडेकडे न जाता एका टोकाकडून दुसरीकडे सुरकुत्या काढत धावदोरा घाला. जपणार असाल तर मात्र इरकल झाकू नका, खालून आधार द्या. ते काम असं करायचं.

आधी वाकळीचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. धूळ काढताना झटकू नका. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर सर्वांत कमी ओढीवर ठेवा, वाकळीवर नायलॉनची जाळी पसरा आणि नळी जाळीवरून फिरवा, म्हणजे सुटलेले धागे ओढले जाणार नाहीत. व्हॅक्यूम नसेल तर मऊ रुंद ब्रशनं धूळ जाळीवरूनच एका बाजूला सारा.

आधारासाठी मऊ, जुनं, रंग न जाणारं सुती कापड घ्या. नवी मलमल घेतलीत तर तिची खळ जाईपर्यंत दोन-तीनदा उकळून, वाळवून घ्या. खळ राहिली तर कसर येते, आणि कापड पुढे आटलं तर जुनं कापड चुणून फाटतं. रंग जुना दिसावा म्हणून चहात बुडवू नका. चहातला टॅनिन हा हरड्याचाच भाऊबंद आहे आणि लोखंडाशी त्याचा मेळ आपल्याला नको आहे. तुकडा फाटलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी २ ते ३ सेंटीमीटर मोठा कापा, उभा धागा उभ्या धाग्याशी जुळवा. वरचं लुगडं आणि खालचा थर यांच्या मधे पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीनं तो हलकेच सरकवा. वाटेत जुना धावदोरा आडवा आला तर तो उसवू नका. दोन ओळींच्या मधल्या जागेत मावतील असे लहान तुकडे करून घाला. जुने टाके म्हणजे आजीच्या हाताची ओळख, ती उसवून परत येत नाही.

आता टाका. १० नंबरची बारीक सुई आणि एकेरी सुती दोरा. दोरा नेहमी कापडापेक्षा कमजोर असावा. ताण पडला तर आधी दोरा तुटावा, कापड नव्हे. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, म्हणूनच तो इथे घातक आहे: जुनं सूत तो तारेसारखा कापतो. दोऱ्याला गाठ न मारता चांगल्या कापडात दोन बारीक उलटे टाके घेऊन सुरुवात करा. फाटलेल्या भागावरून ५ मिलिमीटर अंतरानं समांतर लांब धागे टाका, दोन्हीकडे किमान १ सेंटीमीटर धड कापडात जाऊ द्या. मग प्रत्येक लांब धाग्याला ४-५ मिलिमीटरवर आडवा, इवलासा टाका घालून खालच्या तुकड्याशी बांधा. सुई धाग्यांच्या मधल्या फटीतून जाऊ दे, धागा फोडून नव्हे. टाका घट्ट ओढला की जुन्या कापडाला चुणी पडते आणि चुणीच्या कडेनं नवी चीर जाते. दोरा पडून राहील इतकाच ओढायचा. सगळे थर एकत्र घेऊ नका, सुई वरचं लुगडं आणि नवा तुकडा यांतूनच गेली पाहिजे.

जिथे भुगाच झाला आहे तिथे टाकाही धरणार नाही. अशा पट्टीवर जुळत्या रंगाची अगदी बारीक नेट पसरा, आणि फक्त कडेच्या धड कापडात व जुन्या धावदोऱ्याच्या ओळींवर टाके घेऊन ती धरा. इस्त्रीनं चिकटणारा कॅनव्हास, फेविकॉल, फॅब्रिक ग्लू यांपैकी काहीही नको. डिंक वाळून पिवळा, कडक होतो आणि काढताना कापड घेऊन येतो.

प्रश्न : आमच्याकडे वाकळींच्या घड्यांत तंबाखूची पानं घालायची पद्धत आहे. कसर लागत नाही म्हणतात. शिवाय डांबर गोळ्याही असतात. बरोबर आहे का? (निपाणी)

उत्तर : निकोटिन किडीला मारतं हे खरं. पण पानातला चिकट तपकिरी रस दमट हवेत कापडात उतरतो आणि तो डाग निघत नाही. त्याहून मोठी गोष्ट: साठवलेल्या तंबाखूत पडणारा बारीक तपकिरी भुंगेरा निपाणीच्या वखारवाल्यांना ठाऊक आहेच. तोच पेटीत शिरला तर घड्यांत भोकं पाडतो. पानं काढून टाका.

डांबर गोळ्यांविषयी आमचं मत ठाम आहे. बाळाला गुंडाळायच्या वाकळीत त्या कधीच नकोत. त्यांच्या वाफेनं तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, विशेषतः जी-६-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या, आणि ही कमतरता घरच्यांना माहीत नसते. ओला कडुलिंबही नको, पाला ओल सोडतो. नीट सुकवलेला पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून, कापडाला टेकणार नाही असं ठेवलंत तर हरकत नाही. पण त्यावर विसंबू नका.

कोण खातंय ते आधी ओळखा. पतंगाची अळी लोकर आणि रेशीम खाते. सुती वाकळीत ती सहसा खळीसाठी आणि घामाच्या डागांसाठी येते. कापड वरवर खरवडल्यासारखं, कडा वेड्यावाकड्या दिसत असतील तर ती चंदेरी कसर. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि मग वाकळीआधी भिंत तपासा. कीड जिवंत असेल तर वाकळ जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून तोंड चिकटपट्टीनं बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड होत नसेल तर उपयोग नाही. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी गार कापडावर धरतं. मग उघडून, जाळीवरून व्हॅक्यूमनं मेलेली कीड आणि अंडी ओढून घ्या.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं. वाकळ भिजली, तेव्हा घाईत तशीच वाळवून ट्रंकेत टाकली. आता उघडली तर कुबट वास, मातीचे डाग, काही ठिकाणी काळे ठिपके आणि ट्रंकेच्या गंजाचे डाग आहेत. अंगावर घ्यायची नाही, पण टाकवतही नाही. (चिकोडी तालुका, दूधगंगाकाठ)

उत्तर : टाकू नका, पण घाईनं पाण्यातही घालू नका. काळे ठिपके बुरशीचे आहेत. काम अंगणात करा, तोंडाला एन-९५ मास्क आणि हातात मोजे हवेत. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला त्या दिवशी लांब ठेवा. वाकळ कोरड्या दिवशी सावलीत वाऱ्यावर एक-दोन दिवस पसरा. कोरडी बुरशी आणि माती ब्रशनं जाळीवरून काढा. वाळलेली माती पाण्यात गेली की चिखल होऊन आतल्या थरांत बसते, म्हणून जेवढी कोरडी निघेल तेवढी आधी काढायची. अर्धं काम इथेच होतं.

मग रंगाची चाचणी. प्रत्येक रंगाच्या कापडावर, आणि धावदोऱ्याच्या रंगीत दोऱ्यावरही, एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका, वर पांढरं सुती कापड ठेवून १० मिनिटं वजन ठेवा. पांढऱ्यावर रंग उतरला नाही तर हीच चाचणी साबणाच्या पाण्यानं करा. एकाही रंगानं डाग दिला तर धुणं रद्द. वाकळीत आर्ट सिल्कचा, म्हणजे नकली रेशमाचा, पदर असेल तरी थांबा. तो रेयॉन असेल तर भिजल्यावर जवळजवळ निम्मा जोर गमावतो. रेशीमही ओलं असताना कमजोर होतं. सूत मात्र ओलं असताना उलट बळकट होतं. मार बसतो तो वजनाचा: पाच-सहा थरांची वाकळ पाणी पिऊन कोरडीच्या दुपटीहून जड होते आणि दोन हातांत धरून उचलली की मधे फाटते. दगडावर आपटणं, पिळणं, दोरीवर टाकणं, तिन्ही बंद.

चाचणीत पास झाली तर गच्चीवर विटांचा चौकोन मांडून त्यावर ताडपत्री घाला, म्हणजे उथळ हौद तयार होतो. तळाशी वाकळीहून मोठी नायलॉनची जाळी अंथरा, पुढे वाकळ जाळीसकटच उचलायची आहे. वाकळ उलगडून पसरा, थंड पाणी सोडा, अर्धा तास भिजू द्या आणि ते गढूळ पाणी सोडून द्या. नंतर दर १० लिटर पाण्याला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, ब्लीच आणि चकाकी आणणारी द्रव्यं नसलेला सौम्य द्रव डिटर्जंट घाला. साबणाची वडी नको: बोअरच्या जड पाण्यात तिचा पांढरा साका बसतो आणि तो निघत नाही. रिठ्याचं पाणी लोक सुचवतात, पण फिकट कापडावर ते पिवळट झाक ठेवतं. स्पंजनं वरून दाबा, सोडा, दाबा, सोडा. घासायचं नाही. २० मिनिटांत पाणी काढा आणि फेस येईनासा होईपर्यंत साध्या पाण्यानं खळबळवा. पाच-सहा पाणी लागतात. शेवटचं पाणी साठवलेलं पावसाचं किंवा गाळलेलं मऊ असेल तर चांगलं. उतारानं पाणी निथळू द्या, जुने टॉवेल वरून दाबून ओल टिपा, मग चौघांनी जाळीच्या चार कोपऱ्यांनी उचलून बाजेवर पसरा. सावली, वारा, खाली-वर पंखा. एक-दोन दिवसांत वाळलीच पाहिजे, म्हणून हे काम आषाढ-श्रावणात करू नका, मार्गशीर्ष ते फाल्गुन बघा.

बुरशीच्या काळ्या डागांचा रंग बहुधा पूर्ण जाणार नाही. गंजावर ब्लीच चोळू नका, त्यानं डाग गडद होतो आणि कापड जळतं. लिंबू-मीठही नको, आम्ल धुऊन निघालं नाही तर ती जागा पुढे फाटते. डाग राहू द्या. यापुढे ट्रंकेत वाकळ सरळ पत्र्याला टेकणार नाही अशी ठेवा.

प्रश्न : लाल खणाचा रंग पांढऱ्या धोतराच्या तुकड्यांवर उतरला. काढता येईल का? (बेळगाव, शहापूर)

उत्तर : अजून ओलीच असेल तर वाळू देऊ नका. भरपूर थंड पाण्यात पसरून ठेवा, पाणी बदलत राहा, उतरलेला रंग बऱ्यापैकी सुटतो. वाळून दिवस गेले असतील तर घरी काही करू नका. रंग काढणारी बाजारातली पावडर गुलाबी डागाबरोबर खणाचाही रंग घेऊन जाते. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात रंग पक्का होतो हा समजही चुकीचा आहे. सुती कापडावरचा कच्चा रंग त्यानं पक्का होत नाही.

प्रश्न : आमच्या घरी हल्याळकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायकांनी शिवलेली कौदी आहे. कडेचे तुकडे निघालेत. आपल्या वाकळीसारखीच दुरुस्त करायची का? (लोंढा)

उत्तर : नाही. आपली वाकळ आधी थर मांडून मग धावदोऱ्यानं शिवली जाते. सिद्दी कौदीत कापडाचा तळ पसरून बाई कडेपासून सुरुवात करते: तुकड्याची कड आत दुमडत, टाके घालत, कडेला समांतर फेऱ्या घेत मध्यापर्यंत जाते. तुकडे लावणं आणि थर जोडणं एकाच टाक्यात होतं. म्हणून तिचे टाके चौकोनात चौकोन असे दिसतात. कडेचा तुकडा निघाला तर त्याचीच दुमड परत घालून बाहेरून आत शिवत जा. नवा टाका जुन्या भोकातूनच घ्या, दोरा जुन्याच्या जाडीचा सुती. शेजारच्या टाक्याचं अंतर मोजा आणि तेवढंच ठेवा. एकसारखा, बारीक टाका घालून कौदी सुंदर करायला जाऊ नका.

कोपऱ्यांत घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले असतील. ती सैल झाली असतील तर जागेवर दोन-तीन टाक्यांनी धरा, पण कापू नका आणि नवी लावू नका. त्या फुलांवाचून कौदी पुरी झाली असं त्या बायका मानत नाहीत. शक्य असेल तर हल्याळ, यल्लापूर किंवा खानापूरच्या दक्षिण भागातल्या शिवणाऱ्या सिद्दी बाईकडूनच काम करून घ्या आणि मजुरी पुरेशी द्या.

प्रश्न : वाकळ बैठकीच्या भिंतीवर लावायची आहे. खिळे ठोकू का? (येळ्ळूर)

उत्तर : खिळा, चाप, टाचण्या यांपैकी काही नको, सगळं वजन चार ठिकाणी येतं. ५ सेंटीमीटर रुंद वेल्क्रोची मऊ पट्टी घ्या, धुतलेल्या मांजरपाटाच्या ८ सेंटीमीटर रुंद पट्टीवर ती मशीननं शिवा. मग मांजरपाट वाकळीच्या मागे वरच्या कडेला, पूर्ण रुंदीभर, हातानं शिवा. या ठिकाणी सुई सगळ्या थरांतून जाऊ द्या, म्हणजे वजन एकट्या मागच्या कापडावर येणार नाही. वेल्क्रोची खरखरीत बाजू लाकडी पट्टीवर आणि पट्टी भिंतीवर, भिंतीपासून २-३ सेंटीमीटर पुढे, म्हणजे मागून हवा खेळेल. पावसाचा मारा झेलणारी पश्चिमेची भिंत टाळा. खिडकीसमोरची भिंतही टाळा. संग्रहालयांत कापडावर साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात, म्हणजे बराच मंद. तीन महिने लावली की उतरवून ठेवा. हातात धरल्यावर कुठे चिरत असेल तर ती वाकळ भिंतीची नाहीच, आडवीच ठेवायची.

प्रश्न : ड्रायक्लीन करावी का? नाहीतर मशीनमध्ये हलक्या फेरीवर? (अथणी)

उत्तर : दोन्ही नको. दोन्हीकडे ड्रम फिरतो आणि जुने टाके त्यात तुटतात. तुमच्याकडची हवा कोरडी आहे, तेव्हा धूळ काढून सावलीत वारं दिलंत तरी पुरे.

प्रश्न : पेटीत घडी घालून ठेवली की घडीवरच फाटते. कशी ठेवावी? आणि आम्ही तिघे भाऊ, आईची वाकळ तीन भागांत कापून वाटून घ्यावी असा विचार आहे. (संकेश्वर)

उत्तर : कापडाच्या दुकानातून तागा गुंडाळायची जाड पुठ्ठ्याची नळी आणा, वाकळीच्या रुंदीहून हातभर लांब. तिच्यावर आधी अॅल्युमिनियम फॉईल आणि मग धुतलेली मलमल गुंडाळा, म्हणजे पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागणार नाही. वाकळीची चांगली बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळा, वर मलमल, रुंद फितीनं बांधा. सुतळी नको, वळ उठतात. गुंडाळी आडवी, नळीची दोन्ही टोकं टेकवून ठेवा. एवढी जागा नसेल तर घडी घाला, पण प्रत्येक घडीत जुन्या धोतराची जाड वळकटी ठेवा, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी दुसऱ्या जागी मोडा. प्लॅस्टिकची पिशवी नको. लाकडी पेटी असेल तर आतून फॉईल आणि मलमल लावा, कुठलंही लाकूड आम्लाची वाफ सोडतं. खोलीतली दमटपणाची टक्केवारी ६५ च्या वर गेली की बुरशीचा धोका असतो. साधा आर्द्रतामापक पेटीजवळ ठेवून बघत जा.

कापण्याविषयी, भाऊ, आमची विनंती आहे की कापू नका. कापल्यावर आतले थर उघडे पडतात, धावदोरा दर ओळीला सुटतो आणि तिन्ही तुकडे नव्या कडांपासून उसवायला लागतात. वर्ष-वर्ष पाळीनं ठेवा. ज्याच्याकडे जाईल त्यानं पेटी उघडताना वर सांगितलेली घडी बदलावी. एका कोपऱ्यात पांढऱ्या सुती फितीचा तुकडा लावा, त्यावर पेन्सिलीनं आईचं नाव, गाव, साधारण वर्ष आणि कोणतं कापड कुणाचं ते लिहा, आणि चार टाक्यांनी धरा. तेच वहीत सविस्तर लिहून तिघांकडे एकेक प्रत ठेवा. ही माहिती सांगणारी आत्या किंवा मावशी असेल तर तिला या सुट्टीतच विचारून घ्या.